पंधरा दिवसांचा पाहुणा

"हे बघा ताई, मला कुणाचा लळा-बिळा लागत नाही!" असं मी छातीठोकपणे सांगितलं, त्याला आता एकवीस वर्षं झाली. छाती तेव्हा होतीही ठोकण्यासारखी.

रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री उचलून आणायची, बरी करायची आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकडे तरी सांभाळायला ठेवायची, हे या ताईंचं काम. सांभाळणाऱ्याला अट एकच: गुंतायचं नाही.

"पंधरा दिवस. जमेल?"

"अहो, मी गोदाम सांभाळतो! माल येतो, माल जातो. आजवर एका खोक्यासाठी रडलोय का?"

ताईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. पिशवीतून दोन कागद काढले. एकावर माझी सही घेतली, दुसऱ्यावर स्वतःच काहीतरी खरडलं आणि तो परत पिशवीत टाकला. मी काही विचारलं नाही. सरकारी काम असेल म्हटलं!

कुत्रा तांबूस होता. एक कान उभा, एक पडलेला, मागच्या पायाला प्लास्टर. टक टक टक करत तो घरात शिरला आणि थेट अप्पांच्या खुर्चीखाली जाऊन बसला. अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून वर्षभर ते त्या खुर्चीतून जेवायला उठत, तेवढेच. बोलणं तर जवळजवळ बंदच.

"हे कोण?" अप्पांनी विचारलं.

"पाहुणा आहे, अप्पा. पंधरा दिवसांचा."

झालं, तेच नाव पडलं.

चौथ्या दिवशी बायको हात पुसत धावत आली. "अहो, अप्पा कुणाशी तरी बोलताहेत!"

आम्ही दाराआडून पाहिलं. अप्पा पाहुण्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते! "आता याला काही अर्थ आहे का, तूच सांग," असं मधूनमधून विचारत होते आणि पाहुणा उभा कान त्यांच्याकडे लावून बसला होता. इतकं लक्ष देऊन माझं कुणी आयुष्यात ऐकलेलं नाही. बायको पदराने डोळे टिपत स्वयंपाकघरात गेली. मी टिपले नाहीत. मला जरा सर्दी झाली होती.

प्लास्टर निघालं तसे अप्पा त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत फिरायलाही जाऊ लागले. आणि नेमका ताईंचा फोन आला. एक जोडपं पाहुण्याला न्यायला रविवारी येतंय.

"उत्तम!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "नियम म्हणजे नियम!" त्या दिवशी आमच्याकडे कुणीच पोटभर जेवलं नाही.

रविवारी ताई त्या दोघांना घेऊन आल्या. गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे, बाई अगदी मायाळू चेहऱ्याच्या. बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "एक सांगून ठेवते हं. त्याला अजिबात ऐकू येत नाही."

मी चाट पडलो! तेवढ्यात आमची नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आणि डाव्या डोळ्याने दिसत पण नाही!"

"आणि चावतो!" आतून अप्पा ओरडले. "मला दोनदा चावलाय!"

आता घरातला कर्ता माणूस म्हणून सगळ्यांना गप्प करणं माझं कर्तव्य होतं. खरं सांगतो, मी तेच करणार होतो! तोंड उघडलं आणि म्हणालो, "शिवाय त्याला फीट येते."

हे सगळं चालू असताना हा बहिरा, काणा, चावरा प्राणी त्या गृहस्थांच्या बुटांवर पोट वर करून लोळत होता.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगं बाई! एवढी दुखणी बिचाऱ्याला! अहो, आपल्याला हाच हवा. याला दुसरं कोण घेणार?"

"चालेल," गृहस्थ म्हणाले. "बंद पडलेलं काही दिसलं की मला घरी न्यावंसंच वाटतं."

आणि बाईंनी पर्समधून नवाकोरा लाल पट्टा काढला! आमची पळापळ झाली.

"अगदीच बहिरा नाही हो!"

"दिसतं! दोन्ही डोळ्यांनी दिसतं!"

"चावला म्हणजे... चाटला," आतून आवाज आला.

"आणि फीट?" गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती... मला येते," मी म्हणालो.

आत अप्पांनी वर्तमानपत्राची घडी मोडली. तेवढ्याशा आवाजाने पाहुण्याचा कान ताठ झाला. तो धडपडत उठला, अप्पांपाशी गेला आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून उभा राहिला. अप्पांनी वाचायला सुरुवात केली, पण पहिल्याच ओळीत थांबून त्यांनी पेपर मिटला.

"घेऊन जा त्याला," ते म्हणाले. "नियम आहे ना."

"ताई, मला नाही देता येणार," मी म्हणालो. "चुकलं माझं. या घरात एक माणूस बोलायचा बंद झाला होता, तो याच्यामुळे बोलायला लागलाय."

बाईंनी तो लाल पट्टा अप्पांच्या हातात ठेवला. ताईंनी पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. कुत्रा कायमचा घेत असल्याचा अर्ज! माझं नाव, माझा पत्ता, सगळं भरलेलं. तारीख पहिल्या दिवशीची. फक्त सही बाकी.

"लळा लागत नाही म्हणालात ना, तेव्हाच भरून ठेवला होता," ताई म्हणाल्या.

त्या जोडप्याला त्यांनी पुढच्याच आठवड्यात एक खरोखरचा काणा कुत्रा दिला. पाहुणा आमच्याकडे बारा वर्षं राहिला. त्यातली सहा वर्षं त्याने अप्पांचं वर्तमानपत्र ऐकलं, पुढची सहा माझं. आता अप्पा नाहीत, पाहुणा नाही, लेक तिच्या घरी. लाल पट्टा अजून दारामागच्या खिळ्याला आहे. सकाळी पेपर उघडला की मी उगाच खुर्चीखाली बघतो.

परवा ताईंचा फोन आला. आता त्याही थकल्यात. "एक म्हातारी कुत्री आहे हो. फक्त पंधरा दिवस."

"आणा की!" मी म्हणालो. "पण ताई, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता मी अनुभवी माणूस आहे. लळा-बिळा अजिबात..."

"एक मिनिट थांबा हं," ताई म्हणाल्या. "पेन शोधते."