अच्युतरावांची घनता

सेवानिवृत्तीनंतर अच्युतराव खेर्डेकर पसरत गेले आणि दिवाळीपर्यंत त्यांनी हॉल आणि बेडरूम पूर्ण व्यापली. तीस वर्षं एसटी स्टँडच्या तिकीट खिडकीमागे अंग चोरून बसलेला माणूस मोकळा झाल्यावर थोडा सैलावणार, हे त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी गृहीतच धरलं होतं. वजन तेवढं पूर्वीचंच होतं, बासष्ट किलो.

कुमुदताईंची तक्रार नव्हती. स्वयंपाकघराचं दार लावून त्या आपली कामं उरकत. पण सोमवारी दाराखालच्या फटीतून अच्युतरावांचा पाय आत आला, तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. त्यांनी नगरपालिकेचे घनता निरीक्षक गुरव यांना बोलावून घेतलं.

गुरवांनी टेप लावून दोन्ही खोल्या मोजल्या.

"वस्तुमान भागिले आकारमान," ते म्हणाले. "बासष्ट किलो, पन्नास घनमीटर. घनता एक पूर्णांक चोवीस शतांश. हवेची एक पूर्णांक वीस शतांश. म्हणजे काका हवेपेक्षा जेमतेम जड आहेत. स्वयंपाकघरात शिरले की हलके होतील आणि खिडकीतून वर जातील. तिथून पुढे ते आमच्या हद्दीत येत नाहीत."

"मी कुठे जात नाहीये," अच्युतराव पंख्याजवळून म्हणाले.

"ते तुमच्या हातात नाही, काका."

"आणि वजन वाढवलं तर?" कुमुदताईंनी विचारलं.

"वाढवा की. भागाकार लगेच सुधारेल."

कुमुदताईंनी डिंकाचा लाडू आणला आणि तोंडाचा अंदाज घेऊन हवेत धरला. लाडू अच्युतरावांमधून थेट फरशीवर पडला.

"छान झालाय," ते म्हणाले.

"मग हा सोफा हिशेबात धरा. तोही यांच्यातच आहे," कुमुदताई गुरवांना म्हणाल्या.

"फर्निचर चालत नाही, ताई. ते काही यांना धरून राहत नाही."

"बायको?"

गुरवांनी थोडा विचार केला. "बायको चालते. पण आत बसावं लागेल. उठलात की वजा."

कुमुदताईंना रागच आला. इतकी वर्षं हे बसून होते, आता यांच्यासाठी आपण बसायचं. मग या दोन खोल्यांत नुसती हवा उरली तर काय, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ते मुळीच सहन होईना. त्यांनी मेथीची जुडी आणि ताट घेतलं, स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि त्या नवऱ्याच्या मधोमध जाऊन सोफ्यावर बसल्या.

"तुमचं वजन?" गुरवांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"साठ," अच्युतराव म्हणाले.

"एकशे बावीस भागिले, स्वयंपाकघर धरून, सत्तर. एक पूर्णांक चौऱ्याहत्तर शतांश." गुरवांनी टेप गुंडाळला. "राहतील."

कुमुदताई मेथी निवडू लागल्या. थोड्या वेळाने त्यांच्या खांद्याभोवतीची हवा जराशी दाट झाली, मग आणखी थोडी. कोपऱ्यातल्या गुरवांनाही आपल्याभोवती मोकळं झाल्याचं जाणवलं.

"आकारमान बदलतंय, ताई. पुन्हा मोजू का?"

"नको," कुमुदताई म्हणाल्या. "जाताना दार तेवढं ओढून घ्या."