बीकॉम, बीकॉम आणि पाच हजार

कारंजा लाडच्या एका दालमिलचे मॅनेजर फुलसिंग राठोड यांनी पगाराचा कागद शेठना पाठवायचा, तो चुकून मिलच्या ग्रुपवर टाकला. लक्षात येताच घाईघाईनं पुसला. पण 'सर्वांसाठी'ऐवजी 'फक्त माझ्यासाठी'वर बोट पडलं. त्यांच्या फोनवरून कागद गेला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बाकीच्या एकवीस फोनांवर तो तसाच होता.

सगळ्यांची नजर दोनच ओळींवर थांबली. उत्कर्ष, बीकॉम, एकोणीस हजार. ज्योत्स्ना, बीकॉम, चौदा हजार. दोघं एकाच कॉलेजातले, तीन वर्षांपूर्वी एकाच दिवशी लागलेले, एकाच टेबलाशी बसणारे.

फुलसिंग निवांत चहा पीत असताना शेठचा फोन आला. शेठच्या सूनबाई हल्ली मिलच्या कारभारात लक्ष घालत. त्यांना या फरकाचं कारण हवं होतं, तेही दुपारपर्यंत आणि लेखी.

मिलची पत्रं टाइप करायची ज्योत्स्ना. फुलसिंग नाइलाजानं खुर्ची ओढून तिच्याच कॉम्प्युटरशेजारी बसले.

"लिही, उत्कर्षवर घराची जबाबदारी हाय."

तिनं लिहिलं आणि विचारलं, "अन् माह्यावर कोनाची लिवू?"

तिचे वडील नव्हते. धाकट्या भावाच्या आयटीआयची फी तीच भरायची, आणि त्याच्या प्रवेशाच्या दिवशी तिला सुट्टी फुलसिंगनीच दिली होती. ती ओळ खोडायला सांगून ते पुढच्या कारणाकडे वळले. उत्कर्ष संध्याकाळी उशिरापर्यंत थांबतो. तेही तिनं निमूट लिहिलं. सकाळची बिलं त्याला संध्याकाळपर्यंत जुळत नाहीत म्हणून थांबतो, हे लिहायचं का, एवढंच विचारलं. टेबलाच्या पलीकडून उत्कर्षनंच ओशाळून मान डोलावली. तीही ओळ गेली.

फुलसिंगनी घाम पुसला. "मंग खरं तेच लिही. त्यानं मुलाखतीत जास्त मांगतले, तू नाही मांगतले."

"मांगतले होते ना काका. तुमी म्हनले, पोरीच्या जातीनं भाव करू नये."

फुलसिंगना ते आठवलं. किती मायेनं म्हणालो होतो, तेही आठवलं. पडदा अजून कोराच होता. "लिही," ते शेवटी म्हणाले, "टायपिंगची चूक झाली. दोघायले एकोणीस हजार."

ज्योत्स्नानं लिहिलं. मग मान वर करून शांतपणे विचारलं, "चूक कदीपासून दुरुस्त करू काका? आजपासून, का मी लागली तवापासून?"

फुलसिंगनी पुन्हा चहा मागवला. या वेळी दोन सांगितले, एक तिला.