नदीची लिंक उघडत नाही

प्रबंधाचा विषय साधा होता: शहरातली नदी पूर्वी कुठून वाहत होती. संशोधिकेला त्याचं उत्तर लहानपणापासून ठाऊक होतं, कारण नदी तिच्या आईच्या स्वयंपाकघरातून वाहत होती. जोराचा पाऊस झाला की पाणी आपली जुनी वाट धरून मोरीतून वर यायचं आणि आई पिठाचा डबा माळ्यावर चढवायची. गल्लीत उघडा नाला होता म्हणून तेवढ्यावर निभावत होतं. आता नगरपालिकेला तो बुजवून वर वाहनतळ करायचा होता. नदीची जुनी वाट सिद्ध झाली तर नाला वाचणार होता, आणि नाल्याबरोबर आईचं घर.

पुरावाही होता. विभागाच्या वाचनालयात, संगणकांच्या मागच्या भिंतीवर, दोनशे वर्षांपूर्वी हाताने काढलेला नकाशा टांगलेला होता. त्यात नदी आईच्या गल्लीतून ऐटीत वळलेली दिसे.

"भिंत संदर्भ म्हणून चालत नाही," मार्गदर्शक सर म्हणाले. "नवीन नियम आहे. ऐतिहासिक भूगोलाचे सगळे संदर्भ ऑनलाइन हवेत. लिंक द्या."

"सर, नकाशा तुमच्या डोक्यामागे आहे."

सरांनी मागे वळून न बघण्याची दक्षता घेतली.

संशोधिकेने अधिकृत नकाशा-पोर्टल उघडलं. वर्षाच्या रकान्यात सर्वांत जुनं वर्ष पोर्टलच्या उद्घाटनाचं होतं. त्यापूर्वी इतिहास होता की नव्हता, याबाबत पोर्टलने भूमिका घेतली नव्हती. तिने मदत कक्षाला फोन लावला.

"जुना नकाशा बघायचा तर तेव्हाच्या रहिवाशांची संमती लागते, मॅडम," पलीकडून आवाज आला. "त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जाईल."

"अहो, त्यांना जाऊन दोनशे वर्षं झाली!"

"मग आधी नंबर बदलून घ्यायला सांगा त्यांना."

ती भडकली. भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढून तिने स्वतःच पोर्टलवर चढवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सदर नदी सध्याच्या नकाशाशी जुळत नसल्याने तिला ऐतिहासिक मानता येत नाही.

मुदत संपत आली तेव्हा सरांनीच एक लिंक शोधून दिली. प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर 'आपल्या नदीचा प्राचीन वारसा' असं देखणं पान होतं. त्यावरची प्राचीन नदी कंपनीचे सगळे प्लॉट टाळून, अदबीने शहराबाहेरून गेली होती.

"सर, हे धादांत खोटं आहे."

"असेल. पण उघडतंय की! पदवी हवीय ना?"

पदवी हवी होती. नोकरी कायम होणं पदवीवरच अडलं होतं. तिने नदी शहराबाहेर हलवली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी लिंक दाबली, पान उघडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रबंध पोर्टलवर चढला आणि नगरपालिकेने त्याचाच हवाला देऊन नाला बुजवला.

"अगं, मग इतकी वर्षं माझ्या घरात शिरत होतं ते काय होतं?" आईने विचारलं.

"त्याला संदर्भ नाही, आई," ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

मग पाऊस आला. भर दुपारी आईच्या घरात गुडघाभर पाणी झालं. आई ओट्यावर चढून बसली, पिठाचा डबा पोहत बाहेर निघाला. संशोधिकेने आपत्कालीन कक्षाला फोन केला.

"त्या गल्लीत पाणी येऊच शकत नाही," अधिकाऱ्याने ठणकावलं. "माझ्यासमोर प्रबंध उघडा आहे. मोठ्या विदुषीचा आहे. वाचा जरा."

"अहो, तो मीच लिहिलाय!"

"मग तुम्हाला तरी माहीत असायला हवं."

हे वाचून तुम्ही हसलात. मग आपलं घर एखाद्या जुन्या प्रवाहावर तर नाही ना, अशी शंका तुमच्या मनाला चाटून गेली. शेजारच्या आजींना विचारता आलं असतं. त्या दारातच बसल्या होत्या. तुम्ही मोबाईल काढलात. पहिलीच लिंक झटकन उघडली, नदी शहराबाहेरून जाताना दिसली, आणि तुम्ही निर्धास्त होऊन फोन खिशात ठेवलात.