चिचुंद्रीच्या गिरणीची वायर

एका जंगलात, बाळांनो, वीज आली. तिच्या मागोमाग वीजखातं आलं. खात्यामागून नियम आला. वीज अधूनमधून जायची, नियम मात्र कायमचा राहिला.

नियम सोपा होता. जड प्राण्याच्या घराला जाड वायर, हलक्या प्राण्याच्या घराला बारीक. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना लगेच पटला.

त्याप्रमाणे दामूअण्णा हत्तींच्या घराला अजगराएवढी वायर मिळाली. अण्णा एकटेच राहत. त्यांच्याकडे एक दिवा होता. तोही डोळ्यांवर येतो म्हणून ते लावत नसत.

शेजारच्या यमुनाक्का चिचुंद्रीला दोऱ्याएवढी वायर मिळाली. आणि यमुनाक्काच्या घरात पिठाची गिरणी होती! अख्ख्या जंगलाची ज्वारी तिच्याकडे दळली जाई.

गिरणी सुरू झाली की वायर तापे. वायर तापली की भिंत तापे. पोरं भिंतीला पाठ लावून बसत आणि म्हणत, "आई, आज काय मस्त ऊब आहे गं!"

यमुनाक्काचा जीव मात्र टांगणीला लागे. घर गवताचं आणि पोरं झोपाळू. एखाद्या दिवशी भिंतीनं पेट घेतला तर?

ती वीजखात्यात गेली. तिथे रावसाहेब रानरेडे बसत.

"साहेब, माझी वायर तापते. जाड द्या."

रावसाहेबांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. काटा हलला नाही.

"बाई, तुम्ही काट्यावर आहात ना?"

"ही काय उभी!"

"मग तुम्हाला दिलेली वायर जास्तच जाड झाली म्हणायची."

"अहो, वायरीला मला कुठे पेलायचंय? गिरणी चालवायचीय तिला!"

"गिरणी हा प्राणी आहे का?"

"नाही."

"झालं तर. आणि भिंत तापते, ही तक्रार कशी? बाकीचे थंडीत शेकोट्या करतात."

यमुनाक्का घरी आली. पुष्कळ दिवस तिनं लाडू खाल्ले. काटा हलेना.

एकदा दामूअण्णा दळण न्यायला आले. त्यांची सोंड भिंतीला लागली आणि ते दचकले.

"आक्का, ही भिंत आहे की तवा?"

आक्कानं डोळ्याला पदर लावून सगळं सांगितलं. अण्णा भला गृहस्थ.

"एवढंच ना? माझं नाव घाला तुमच्या घरात. आजपासून मी तुमचा दीर."

"भावोजी, उपकार झाले हो!"

पण रावसाहेब म्हणाले, "नुसतं नाव चालत नाही. तपासणीला प्राणी घरात दिसला पाहिजे."

तपासणीचा दिवस उजाडला. यमुनाक्कानं पोरांना बाहेर काढलं आणि दारात रांगोळी घातली. अण्णांनी पायपुसण्याला चारही पाय पुसले, मान वाकवली आणि आत शिरले.

घर अण्णांच्या खाली गेलं. गिरणी लोखंडी, ती तेवढी वाचली.

धूळ बसल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "वहिनी, चहा राहू द्या आता."

रावसाहेब मात्र खूश झाले. "घरातलं वजन भरपूर! जाड वायर मंजूर!" आणि अजगराएवढी वायर त्यांनी ढिगाऱ्यावर आणून टाकली.

"साहेब, पण घर कुठे आहे?"

"तो विषय आमच्या खात्याचा नाही."

अण्णांना एकदम सुचलं. "वहिनी, गिरणी माझ्याकडेच लावू या की! माझी वायर जाड आहे."

"होती," रावसाहेब म्हणाले. "तुम्ही आता इथले. तिकडे वजन उरलं नाही. ही वायर तिथूनच काढून आणली."

अण्णांनी वायरीकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहायचं टाळलं.

पोरांना यातलं काही कळलं नाही. ती सवयीनं वायरीच्या वेटोळ्याला पाठ लावून बसली.

"आई, ही तर गारच आहे गं!"

निघालेले रावसाहेब परत फिरले. "काय? तापत नाही?"

"नाही, साहेब," यमुनाक्का म्हणाली.

"मग तुमची तक्रार मिटली!"

आणि ते समाधानानं जेवायला गेले.

तात्पर्य : योग्य जाडीची वायर तापत नाही. अगदीच खात्री हवी असेल, तर ती कशालाही जोडू नये.