मदरबोर्डची बहात्तर तासांची चाचणी

"मी पास केलेली लिफ्ट आजवर एकदाही मधे अडकलेली नाही! मग एक मदरबोर्ड निवडणं म्हणजे काय मोठंसं?"

लिफ्टचे इन्स्पेक्टर असं म्हणाले आणि त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. नवरा या सुरात बोलू लागला की घरातलं काहीतरी कामातून जातं, हे तिला पंधरा वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

बाई चित्रकार. मुलांच्या पुस्तकासाठी पक्ष्यांची बत्तीस चित्रं शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायची होती. चोवीस झाली, आठ राहिली, आणि सोमवारी सकाळी संगणकाने मान टाकली. मदरबोर्ड जळला! प्रकाशकबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, शुक्रवार हुकला तर काम दुसऱ्याकडे जाईल. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते हातचं जाणार या विचाराने तिला जेवणही गेलं नाही.

दुपारी इन्स्पेक्टर दुकानात गेले. सोबत बायकोचा धाकटा भाऊ. स्वस्थ बसलेली वस्तू त्याला बघवत नसे, म्हणून घरात त्याला खटपट्या म्हणत.

दुकानदाराने दोन मदरबोर्ड काढून ठेवले. "हा साधा. यात बदलण्यासारखं फारसं काही नाही, पण वर्षानुवर्षं मुकाट चालतो. हा दुसरा वेगवान. यात दीडशे गोष्टी हव्या तशा बदलता येतात. वेग वाढवा, दिव्यांचे रंग निवडा. फक्त फार ताणलं तर रुसतो."

इन्स्पेक्टरांनी साधा बोर्ड उचलून खालून पाहिला. "दोर तुटला तर सोय काय?"

"साहेब, याला दोर नसतो."

"दोर नसतो? मग हे सगळं धरून कोण ठेवतं?"

"चार स्क्रू."

चार स्क्रू ऐकून इन्स्पेक्टरांना जरा हायसं वाटलं.

"भाऊजी, वेगवान घ्या!" खटपट्या उतावीळ झाला. "ताईची चित्रं भराभर होतील!"

"अरे, वेगाचं मला सांगू नकोस! मी माणसं वर पोचवतो, पण परत खालीही आणतो!"

साधा बोर्ड घेतला गेला. खटपट्याने इरेला पेटून वेगवान स्वतःसाठी घेतला. संध्याकाळी त्याने घरी साधा बोर्ड बसवून दिला, संगणक सुरू झाला, आणि बायकोने आनंदाने खुर्ची पुढे ओढली.

"थांब!" इन्स्पेक्टर आडवे आले. "अजून पास कुठे झालाय?"

त्यांनी बॅगेतून पिवळी पट्टी काढून टेबलाभोवती गुंडाळली. वर पाटी लावली, 'चाचणी चालू. आत जाऊ नये.'

"नवी लिफ्ट सव्वापट वजन घालून बहात्तर तास चालवायची. तोवर माणूस चढवायचा नाही. नियम आहे!"

"अहो, मला कुठे चढायचंय? मला घुबड रंगवायचंय!"

"आणि मधेच बंद पडला तर? घुबड लटकेल ना!"

वजन म्हणून त्यांनी तयार असलेली चोवीसही चित्रं एकदम उघडली. वर लिफ्टच्या देखभालीचे सहा व्हिडिओ लावले. स्वतः वही घेऊन समोर बसले आणि दर तासाला 'हालचाल सुरळीत' असं लिहू लागले.

मंगळवारी सकाळी बायकोने पट्टीखालून हात घालून घुबडाची फाइल उघडायला घेतली.

"माणूस चढला!" इन्स्पेक्टर ओरडले. "खंड पडला! घड्याळ शून्यावर!"

बुधवारी दुपारी त्यांच्या आईने फडका घेऊन पट्टी ओलांडली आणि पुसायच्या आधी प्लग काढला.

"आई! चाचणीत वीज गेली!"

"गेली कुठे? मीच काढली. केवढी धूळ ती!"

पुन्हा शून्य. आता चाचणी संपणार शनिवारी! बायकोने बोटांवर दिवस मोजले, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि भांडली नाही. संगणकावर चित्रं काढायचा आपला पेन आणि तयार चित्रांचा पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून ती म्हणाली, "भावाकडे जाऊन येते."

"दार हळू लाव. हादरा नको."

गुरुवारीही ती गेली, शुक्रवारीही गेली. शुक्रवारची दुपार टळली तेव्हा मात्र इन्स्पेक्टरांना वाईट वाटलं. बिचारीचं काम आपल्यामुळे गेलं, असं त्यांच्या मनात आलंही. पण अठ्ठेचाळीस तासांचा रेकॉर्ड मोडायचा धीर होईना.

शनिवारी चार वाजता बहात्तर तास भरले. इन्स्पेक्टरांनी पट्टी कापली, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र संगणकाला चिकटवलं आणि बायकोला बोलावलं.

"पास! आता बस. आणि झाल्या गोष्टीचं मनाला लावून घेऊ नकोस. मिळेल दुसरं काम."

"पहिलं गेलंय कुठे? चित्रं कालच पाठवली. आवडलीसुद्धा त्यांना."

"पाठवली? कशावर काढलीस?"

"भावाच्या वेगवान बोर्डवर."

"त्यावर? तो बंद नाही पडला?"

"पडला की! अकरा वेळा! दर वेळी भाऊ काहीतरी बदलायचा, दिवे जांभळे व्हायचे आणि पुन्हा चालू व्हायचा. मधल्या वेळात मी चित्रं काढली. तुमचा किती वेळा पडला?"

"एकदाही नाही!" इन्स्पेक्टरांची छाती फुगली.

"आणि चित्रं किती झाली?"

छाती जागेवर आली. आतल्या खोलीतून आईंच्या हसण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"चुकलंच माझं," इन्स्पेक्टर पुटपुटले. हे वाक्य त्यांनी यापूर्वी कधी म्हटल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

"बोर्ड चांगला निवडलात हो," बायको म्हणाली. "माशांची साठ चित्रं सांगितलीत त्यांनी. एवढ्या लांबलचक कामाला असा न पडणाराच हवा. सोमवारपासून मी यावर बसणार."

"बस ना! मी शेजारी बसून नोंदी—"

"तुम्ही रोज माझ्या भावाकडे जायचं. तिथला बोर्ड पडतोय, तिथे तपासायला भरपूर आहे."

इन्स्पेक्टरांनी मुकाट्याने वही बॅगेत घातली. दाराशी जाऊन हळूच विचारलं, "जेवायला तरी घरी येऊ ना?"

"या की. पण मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने या. इकडे काम चालू, आत येऊ नये."