चकवा प्रतिबंधक उपाययोजना

कलम १. जिथे जायला एकच वाट असते तिथे माणूस पोचतो. दोन असल्या की चकवा लागतो. कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डब्यांना, म्हणजे स्विचांना, हे केव्हाच उमगले आहे. तिथे एखादा निरोप गोल फिरू लागला, तर स्वतःच्या प्रती काढत फिरतो आणि मिनिटभरात सगळ्यांचा जीव घुसमटतो.

कलम २. म्हणून डबे निवडणूक घेतात. चालू होताच प्रत्येक डबा जाहीर करतो, ‘मीच प्रमुख.’ (इथवर डबे आणि कर्मचारी यांत फरक नाही.) पण आपल्याहून लहान क्रमांकाचा कुणी आहे हे कानावर येताच डबा गप्प बसतो; सर्वांत लहान क्रमांकाचा तो प्रमुख. मग जो तो प्रमुखाकडची जवळची वाट ठेवतो, जादा वाटा बंद करतो. सगळे दोन-तीन सेकंदांत, चहा न मागवता.

कलम ३. (अभिप्रायासाठी कलम ५ कडे पाठवले आहे.)

कलम ४. हे डबे सांभाळणाऱ्या वायरवाल्या बाईंचा बदलीचा अर्ज चौदा महिने फिरत होता. आई गावी एकटी, दुसरा डोळाही जात चाललेला. आस्थापना शाखा अर्ज तांत्रिक शाखेकडे पाठवी, तांत्रिक शाखा आस्थापनेकडे. दर फेरीला प्रती वाढत. (आजअखेर प्रती ४१, अर्जदार एक, आई एक.) आई फोनवर विचारी, “कुठवर आला गं कागद?” बाई टेबल सांगत. आईला टेबले पाठ झाली होती.

कलम ५. शेवटी बाईंनी साहेबांना सुचवले, की डब्यांची रीत टेबलांना लावू. साहेबांना ती इतकी पटली की दुपारच्या बैठकीत त्यांनी ती स्वतःच सुचवली. सेवाज्येष्ठतेवर सतरा तक्रारी पडून असल्याने टेबल-कपाटांच्या जडवस्तू नोंदवहीतले क्रमांक धरले. क्रमांक एक निघाला जिन्याखालच्या लोखंडी कपाटाचा. कपाट कुणाच्याच जवळचे नसल्याने निवड एकमताने झाली. मग प्रत्येक टेबलाने आपले कागद थेट प्रमुखाच्या दाराच्या फटीतून आत सरकवले, आणि दीड दिवसात कार्यालयात एकही कागद फिरताना आढळला नाही.

कलम ३. (परत आले. कपाटात ठेवले.)

कलम ६. “पोचला, आई. आता फिरत नाही,” बाई जिन्याखालून फोनवर म्हणाल्या.

“कुणाकडे?”

“प्रमुखांकडे.”

“मग सही कधी करतात ते? मला दिसतंय तोवर ये बाई.”

बाईंनी कपाटाची मूठ ओढून पाहिली. (किल्लीसाठीचा त्यांचा अर्ज नियमानुसार कपाटात आहे.)

कलम ७. वाचकांनी गालातल्या गालात हसण्यास हरकत नाही. आपलाही अर्ज, ज्याची पोच आपण घरी जपून ठेवली आहे तोच, कालच फटीतून आत सरकवला. काळजी नसावी. कपाट मजबूत आहे.