सेतुरावमामांची काळी कार्डं

अन्याय झाला तो आमच्या सेतुरावमामांवर, गेल्या रविवारी सकाळी सात वाजता. करणारी मी.

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या आमच्या सोसायटीतला हा एकटा राहणारा म्हातारा धान्यात मुद्दाम अळ्या पाडतो. तुमच्या रव्याला जाळी धरली की तुम्ही नाक मुरडता. मामा डबा घेऊन दारात. "टाकूं नको मा, मला दे!" अळ्यांचे पतंग होतात, पतंगांची अंडी मामा कार्डावर डिंकाने चिकटवतात आणि त्यावर ट्रायकोग्रामा सोडतात. गांधीलमाशीची ही चिमुकली बहीण, टिंबाएवढी. ती दुसऱ्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. कार्ड काळं पडलं की मामा लिफ्टमध्ये ओरडतात, "दिवस गेले हो!" बारा नंबरच्या नागपूरकर वहिनींनी एकदा पेढे मागितले होते.

ही कार्डं सोसायटीच्या बागेत वांग्याच्या पानांखाली टाचली की माश्या निघतात आणि पोखरणारी अळी अंड्यातच संपते. मामांमुळे आमच्या वांग्यांवर विषाचा थेंब पडलेला नाही.

आणि मी? झाडांना खिळे-टाचण्या मारण्याविरुद्ध माझी मोहीम. पानांखाली काळे तुकडे दिसले, पॉलिशपेपर वाटला, डोकं फिरलं. सगळे उपटून कचरागाडीत घातले. वर घरोघरी पत्रक: "झाडांना जीव असतो. लाज बाळगा!"

मामा पत्रक घेऊन खाली आले. "अय्यो, पावम्!" मला वाटलं, माश्यांची कीव करतायत. "माश्या नव्हे मा, तूं. किती चिडलीस, पावम्!"

मग कळलं. मंगळवारी त्यांची एग्मोरहून मदुराईची गाडी होती. लेकीकडे. नात पाच महिन्यांची झाली, यांनी फोटोतच पाहिलेली. ते नसताना बाग सांभाळतील एवढी कार्डं त्यांनी टाचून ठेवली होती. सेक्रेटरींनी बजावलं होतं, "अळी दिसली की फवारणी." मामांनी तिकीट रद्द केलं आणि नव्या कार्डांसाठी अंडी चाळायला चाळणी हातात घेतली.

"मामा, हे कोणाला शिकवलं का नाही?"

चाळणी थांबली. "कोणी विचारलंच नाहीं मा."

काम सोपं आहे. सकाळी अर्धा तास, नाकाला रुमाल बांधायचा; पतंगांच्या पंखांची भुकटी उडते. सोमवार ते गुरुवार मी घेतलेत. शुक्रवार ते रविवार रिकामे आहेत; ते भरले की मामा नातीकडे जातील. हळहळू नका, या मेसेजला लाइक देऊ नका. आज संध्याकाळी मामांची बेल वाजवा आणि विचारा, "मामा, शिकवता का?"